वयात आलेला कुत्रा ऐकेनासा होतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र शिकवते. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू घेऊन येणारी माणसं हसत येतात. आठ-दहा महिन्यांचा कुत्रा घेऊन येणारी थकलेली असतात, आणि बऱ्याचदा दुखावलेलीही. एवढं केलं याच्यासाठी, आणि आता हा ओळखसुद्धा दाखवत नाही, असा सूर असतो. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच माणसं सगळ्यात जास्त अडकतात.

पाच महिन्यांचा होता तेव्हा एका शब्दात बसायचा. आता आठवा महिना चालू आहे, तर माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. शिकवलेलं विसरला का?

विसरला नाही. तो वयात आला आहे.

यावर २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अंध व्यक्तींना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातल्या पिल्लांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ ही एकच आज्ञा देऊन पाहिली. आठव्या महिन्यात ती आपल्या सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती. अनोळखी माणसानं तीच आज्ञा दिली तर मात्र अशी घसरण दिसली नाही. म्हणजे शब्द त्यांना येत होता. वर्षाच्या आसपास गाडी पुन्हा रुळावर येताना दिसली.

हा अभ्यास मी प्रत्येक घराला सांगते, कारण त्यानं मनावरचं ओझं उतरतं. शेजारच्या काकांचं ऐकतो आणि तुमचं ऐकत नाही, याचा अर्थ तुमच्यावर प्रेम नाही असा होत नाही. घरातली मुलं वयात येताना आईशी जशी वागतात आणि मावशीकडे गेल्यावर जशी वागतात, तसंच हे.

हे किती दिवस चालणार?

साधारण सहाव्या महिन्यापासून पुढे. लहान चणीची कुत्री वर्षभरात निवळतात, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड दीड ते दोन वर्षं घेतात, ग्रेट डेनसारखी अवाढव्य कुत्री त्याहून जास्त. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन आठवडे शहाण्यासारखा वागेल आणि तिसऱ्या आठवड्यात सोफ्याचा कोपरा फाडून ठेवेल. तेव्हा सगळं पाण्यात गेलं असं समजू नका.

पण आमचा खरंच हट्टी आहे. तुम्ही बघितला नाहीत.

हट्ट म्हणजे समजून-उमजून नकार देणं. कुत्रा ऐकत नाही तेव्हा बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण सापडतं: शब्द त्याला फक्त घरातल्या हॉलमध्ये येतो आणि मैदानावर तो त्याच्यासाठी नवाच असतो, समोर त्याहून मोठं आकर्षण आहे, तो घाबरला आहे, किंवा त्याला कुठेतरी दुखतं आहे. या वयात हार्मोन्स बदलतात, वासाचं जग अचानक भरून जातं, आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग अजून तयार व्हायचा असतो. गाडीला इंजिन आलं, ब्रेक यायचे आहेत.

मराठी घरांत आणखी एक गोष्ट घडते. आपण ‘बस’ हा शब्द दिवसभर वापरतो. बस झालं, बस आली का, अगं बस ना जरा. कुत्र्याच्या कानावर तो शब्द शंभर वेळा पडतो आणि नव्व्याण्णव वेळा त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. शेवटी तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा होतो. ‘बैस’ म्हणा किंवा ‘सिट’ म्हणा, पण एकच ठरवा. तो एरवी बोलण्यात येणार नाही असा असू द्या, आणि एकदाच उच्चारा. ‘सिट, सिट, अरे सिट ना’ म्हणत राहिलात, तर तो चौथ्या ‘सिट’लाच बसायला शिकतो.

हाक मारली की येत नाही. मैदानावर सोडला की अर्धा तास त्याच्यामागे पळावं लागतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात धोक्याचाही, कारण मैदानापलीकडे रस्ता असतो.

आधी ती हाक कशी बिघडली ते बघा. त्याचं नाव घेऊन ‘ये’ म्हटलं की काय होतं? पट्टा लागतो, खेळ संपतो, घरी जावं लागतं. कधी अंघोळ, कधी नखं कापणं. तीन महिन्यांत तो शिकतो की ‘ये’ म्हणजे मजा संपली. त्यातून कधी उशिरा आल्याबद्दल एखादा फटका बसला असेल, तर येणं म्हणजेच मार, हेही तो शिकतो. अशा शब्दावर मेहनत घेण्यापेक्षा तो सोडून द्या आणि नवा घ्या. शिट्टी चालेल, ‘पळ-पळ-पळ’ चालेल.

नवी हाक स्वयंपाकघरात सुरू करा. दिवसातून आठ-दहा वेळा, तो दोन पावलांवर असताना. आला की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, दरवेळी, न चुकता. आठवडाभरानंतर दुसऱ्या खोलीतून, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये. मैदानावर जाल तेव्हा हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला, आठ-दहा मीटरची लांब दोरी बांधा. गळ्यातल्या पट्ट्याला ती बांधू नका, झटका बसला तर मान दुखावते. नायलॉनची बारीक दोरी हात कापते, म्हणून रुंद सुती पट्टी घ्या. ही दोरी काही महिने राहणार आहे, हे मनाशी पक्कं करा. ती असते तोवर कुत्र्याला ‘न येण्याचा’ सराव होत नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचा भाग: पाच वेळा बोलावलंत तर चार वेळा खाऊ देऊन लगेच ‘जा, खेळ’ म्हणून परत सोडा. येणं म्हणजे खेळ संपणं नव्हे, हे त्याच्या अंगात मुरलं पाहिजे. तो मांजरीवर डोळे लावून उभा असेल आणि येणार नाही हे तुम्हाला दिसत असेल, तर हाक वाया घालवू नका. शांतपणे दोरी धरून त्याच्यापर्यंत जा.

दोरी सुटून पळालाच, तर मागे धावू नका. त्याच्या दृष्टीनं तो शिवाशिवीचा डाव असतो. उलट्या दिशेला पळा, खाली बसा, जमिनीवर काहीतरी सापडल्यासारखं करा. आणि वीस मिनिटांनी परत आला तरी शाबासकीच द्या. त्या क्षणी संताप गिळणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. पण त्याला बोल लागतो तो ‘आल्याबद्दल’, ‘पळाल्याबद्दल’ नाही.

वेताळ टेकडीवर सकाळी कुत्री मोकळी सोडणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. तिथे मोर आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. हाकेला येण्याचं पक्कं होईपर्यंत दोरी काढू नका.

घरातले मोठे म्हणतात, दोन फटके दिले की सुतासारखा सरळ होईल. ‘मालक कोण’ हे दाखवायला नको का?

नको. कुत्र्याला उताणा पाडणं, मान धरून हलवणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, यांच्यामागे एक जुनी कल्पना आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं, आणि त्यातून ‘कळपाचा दांडगा म्होरक्या’ ही कल्पना पसरली. पुढे डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकानंच १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे सत्तेची रोजची मारामारी नसते. आपला कुत्रा तर लांडगाही नाही.

मार खाल्लेला कुत्रा तुमच्यासमोर गप्प होतो, हे खरं आहे. म्हणूनच घरच्यांना वाटतं की उपाय लागू पडला. पण त्यानं शिकलेलं असतं एवढंच की हा हात जवळ आला की सावध राहायचं. पुढे तोच हात कानात औषध घालायला जातो आणि कुत्रा दात दाखवतो. चोक चेन, काट्यांचे पट्टे, विजेचा झटका देणारे पट्टे यांबद्दलही माझं मत हेच आहे. वापरू नका.

मग करायचं काय? चुकीची संधीच मिळू देऊ नका, आणि हवं ते वागला की लगेच दखल घ्या. चपला उचलतो, तर सहा महिने चपला कपाटात. पाहुण्यांवर उड्या मारतो, तर बेल वाजण्याआधी पट्टा लावा आणि चारही पाय जमिनीवर असतानाच पाहुण्यांना हात लावू द्या. खेळता-खेळता दात लावतो, तर एक शब्दही न बोलता खोलीबाहेर जा आणि अर्ध्या मिनिटानं परत या.

एक इशारा. आजवर भुंकल्यावर पोळी मिळत होती आणि आता तुम्ही ती बंद केलीत, तर पहिले काही दिवस तो दुप्पट भुंकेल. नेमक्या त्याच वेळी घरातलं कुणीतरी ‘दे रे बाबा एकदाचं’ म्हणतं, आणि कुत्रा शिकतो की आणखी जोरात भुंकायला हवं होतं. ते चार-सहा दिवस सगळ्यांनी मिळून काढा.

सगळ्यांनी मिळून? आमच्याकडे सासूबाई ताटातलं देतात, मुलगा सोफ्यावर घेतो, हे ओरडतात.

हे जवळजवळ प्रत्येक घरात असतं. आजींना ‘देऊ नका’ सांगून काही होत नाही, कारण त्यांचं त्याच्यावर प्रेम आहे आणि ते देण्यातूनच व्यक्त होतं. त्यांना एक काम द्या. त्यांची जेवणं झाली, की कुत्रा त्याच्या चटईवर बसलेला असताना त्यांनीच त्याला वाटीतून घास द्यायचा. माझ्या सासूबाईंनी हे इतकं मनावर घेतलं की घरात सगळ्यात आधी कुत्रा त्यांचंच ऐकायला लागला. बाकी, शब्दांची यादी फ्रीजवर लावा: कोणता शब्द, त्याचा अर्थ काय. ‘उतर’, ‘खाली’, ‘डाऊन’ हे तीन शब्द तीन माणसं एकाच गोष्टीसाठी वापरत असतील, तर चूक कुत्र्याची नाही.

सारखा खाऊ देणं म्हणजे लाच नाही का?

आधी दाखवून मग काम करून घेतलं तर लाच. काम झाल्यावर खिशातून निघाला तर पगार. नवं शिकताना दरवेळी द्या. पक्कं झालं की कधी खाऊ, कधी चेंडू, कधी नुसतं ‘शाब्बास’, असं अंदाज न येणारं ठेवा.

शाकाहारी घरात पनीर, गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद उत्तम चालतं. चालत असेल तर उकडलेलं अंडं किंवा चिकन. तुकडा हरभऱ्याएवढा, आणि हे सगळं रोजच्या जेवणातूनच वजा करा. मारी बिस्किटांवर कुत्रा वाढवू नका. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल असलेले साखरविरहित पदार्थ विषारी ठरू शकतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. तीर्थप्रसादाच्या दिवशी हे घरातल्या प्रत्येकाला आठवणीनं सांगा.

रोज तासभर चेंडू टाकतो, तरी दमत नाही. आणखी पळवू का?

उलट कमी करा. रोज तासभर पळवून तुम्ही त्याचा दम वाढवता, आणि महिन्याभरानं त्याला दीड तास लागतो. वयात येणाऱ्या कुत्र्याला झोप भरपूर लागते, दिवसरात्र मिळून चौदा तासांच्या आसपास, आणि संध्याकाळी सैरावैरा धावणारा कुत्रा बऱ्याचदा झोपेला आलेला असतो.

त्याचं नाक वापरा. चालताना त्याला वास घेऊ द्या. खांब, झाडाचा बुंधा, गेटचा कोपरा हे त्याचं वर्तमानपत्र आहे. जेवणाचे दाणे गवतात पसरा. जुन्या टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून सोडवायला द्या. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवा, उन्हाळ्याच्या दुपारी तो अर्धा तास त्यातच रमतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत परत या. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

पट्टा इतका ओढतो की खांदा निखळेल.

छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. पट्टा ताणला की थांबा, सैल झाला की चाला. पहिल्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंतही पोचणार नाही, चालेल. ज्या दिवशी वेळ नाही, त्या दिवशी शिकवू नका. नेहमीच्या कडीऐवजी पाठीवरच्या कडीला पट्टा लावून फिरवून आणा. कुत्र्याला दोन कड्यांतला फरक कळतो.

गल्लीतली कुत्री आधी याच्याशी खेळायची. आता अंगावर येतात.

पिल्लाला एक सवलत असते. चार-पाच महिन्यांपर्यंत मोठी कुत्री त्याचा आगाऊपणा चालवून घेतात. मग त्याच्या अंगाचा वास बदलतो आणि ती सवलत संपते. त्याला हे कळत नाही. तो जुन्याच थाटात अंगावर उडी घ्यायला जातो आणि मार खातो.

आपल्याकडे प्रत्येक गल्लीची कुत्री ठरलेली असतात, त्यांची हद्दही ठरलेली. त्यांना खायला घालणारी व्यक्ती कोण ते शोधा आणि तिच्याशी बोला. कोण कुणाशी भांडतं, कोण भित्रं, कोण नुसतंच भुंकतं, हे तिला तोंडपाठ असतं. तिच्या सोबतीनं, एका वेळी एकाच शांत कुत्र्याशी, लांबून, समांतर चालत ओळख होऊ द्या. थेट समोरून जाऊ नका, वळसा घ्या. पट्टा घट्ट ओढून धरला की तुमच्या कुत्र्याचं अंगही ताठ होतं आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. काठी उगारली तर दोन्ही बाजू भडकतात. खाण्याची वेळ टाळा.

कालपर्यंत धीट होता, आता कचऱ्याच्या पिशवीलाही घाबरतो.

या वयात भीतीचा एक काळ पुन्हा येतो. ओढून जवळ नेऊ नका. जिथून तो ती वस्तू बघू शकतो आणि तरीही खाऊ खातो, तेवढ्या अंतरावर थांबा. रोज थोडं कमी करा. पुण्यात गणपतीच्या कितीतरी आधी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, तेव्हा फिरण्याची वेळ आणि वाट बदला. दिवाळीसाठी पशुवैद्यांना आधीच भेटा. भीती खूप असेल तर औषधं असतात, ती ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शोधू नयेत.

नसबंदी केली की शांत होईल का?

भटकणं, जागोजागी लघवीची खूण करणं, दुसऱ्यांच्या अंगावर चढणं हे नरांमध्ये बऱ्याचदा कमी होतं. हाकेला येणं, पट्टा न ओढणं हे नसबंदीनं येत नाही, ते शिकवावंच लागतं. मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गोल्डन रिट्रीव्हरवरच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं, म्हणून वय पशुवैद्यांशी बोलून ठरवा. मादी साधारण सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते आणि सुमारे तीन आठवडे तशी राहते. तेवढे दिवस तिला क्षणभरही मोकळी सोडू नका. ती एरवी कितीही शहाणी असली तरी.

गुरगुरतो. तेव्हा काय करू?

थांबा आणि मागे व्हा. गुरगुरणं ही सूचना आहे, आणि सूचना दिल्याबद्दल रागावलं की पुढच्या वेळी तो थेट चावतो. वागणं दोन-चार दिवसांत अचानक बदललं असेल तर आधी तपासणी: कान, दात, कंबर, गोचीडताप. घरात पुन्हा सू करायला लागला असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्गही तपासा. दुखणं नसेल आणि तरीही खाण्यावरून किंवा मुलांवर गुरगुरत असेल, तर हे वाचत बसू नका. वर्तनतज्ज्ञाला घरी बोलवा, आणि तोवर मुलं आणि कुत्रा यांच्यामध्ये दार असू द्या.

आम्ही थकलो आहोत. गावाकडे शेतावर देऊन टाकावा का? तिथे मोकळा राहील.

फ्लॅटमध्ये वाढलेला कुत्रा शेतावर मोकळा राहत नाही. तो बहुधा साखळीला बांधला जातो, किंवा तिथल्या कुत्र्यांकडून फाडला जातो, किंवा घर शोधत रस्त्यावर येतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या कायद्यात प्राण्याला उपासमार होईल असं सोडून देणं आणि आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, दोन्ही गुन्हे आहेत.

माझी तांबू मला घाटातल्या एका हॉटेलच्या मागे सापडली. दहा-अकरा महिन्यांची, गळ्यात लाल पट्टा, नखं कापलेली. म्हणजे नेमकी याच वयातली. आणखी चार-सहा महिने कुणी दम धरला असता, तर आज ती माझ्या पायाशी झोपते तशी त्यांच्या पायाशी झोपली असती. म्हणून मी दोन महिने मागते. या दोन महिन्यांत नवं काही शिकवू नका. फक्त लांब दोरी, एक नवी हाक, पुरेशी झोप आणि बंद कपाटातल्या चपला.

त्यानंतरही खरंच जमत नसेल, आजारपण असेल, घर बदलत असेल, तर लाजू नका, पण घर तुम्ही स्वतः शोधा. त्या घरी दोन-तीनदा त्याला घेऊन जा. लसीकरणाचं कार्ड, त्याची चादर आणि महिन्याचं खाणं सोबत द्या. कशाला घाबरतो ते खोटं न बोलता सांगा. आणि त्याला कोणते शब्द येतात ते कागदावर लिहून द्या. तांबूबरोबर असा कागद नव्हता. तिला ‘हात दे’ येतं, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, माझी भाची दुसऱ्याच कुणाला तरी ते म्हणाली तेव्हा.